‘ठंडी’ तार आणि घरचा तरणतलाव

गेल्या वैशाखात माझ्या भाच्याने शिवपुरी रस्त्यालगतच्या आपल्या नव्या घराच्या आवारात एक छोटा तरणतलाव बांधून घेतला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, मोठ्यांच्या छातीइतका खोल. पाण्याखाली चार दिवे, उतरायला स्टीलची शिडी, एका अंगाला पंपाची कोठडी आणि दुसऱ्या अंगाला कपडे बदलायची खोली. ग्वाल्हेरचा पारा 45 च्या वर गेला की असा तलाव चैन वाटत नाही. मुलांच्या शाळांना सुट्ट्या लागायच्या आत पाणी भरायचे, असे ठरले होते.

तलाव अर्धा भरला होता तेव्हा फरश्यांच्या सांधी पुसायला एक मजूर पाण्यात उतरला आणि लगेच वर आला. म्हणाला, “पानी में चींटी-सी काटती हैं.” ठेकेदार हसला. फरशीवर टाकलेल्या तेजाबाने पाय चुरचुरत असतील, असे त्याचे म्हणणे पडले. भाच्याने ही गोष्ट रात्री फोनवर मला गंमत म्हणून सांगितली. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले; मला त्यात गंमत दिसली नाही. मी त्याला मुख्य स्विच बंद करायला सांगितले आणि सकाळी रिक्षा करून तिथे गेलो.

तपासात निघाले ते असे. पाण्याखालचे दिवे थेट 230 व्होल्टवर चालणारे होते. त्यांच्या केबलला एक जोड होता, तो भिंतीतल्या खोबणीत काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेला होता आणि त्यात पाणी शिरले होते. शिडी कशालाच जोडलेली नव्हती. मुख्य स्विच क्षणभर चालू करून शिडी आणि हिरवळीच्या ओल्या मातीत रोवलेली लोखंडी सळई यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर काटा 70 व्होल्टच्या आसपास थांबला. कपडे बदलायच्या खोलीतल्या सॉकेटांना तिसरी, हिरवी तार होती खरी, पण ती स्विचबोर्डाच्या आत काळ्या तारेला पिळून जोडलेली होती. मी वायरमनला विचारले, हे काय? तो शांतपणे म्हणाला, “मास्साब, ठंडा ही तो है. अर्थ ले लो चाहे न्यूट्रल ले लो, बात एक ही है.”

ह्या लेखाचे निम्मे कारण ते वाक्य आहे. उरलेले निम्मे तो मजूर आहे.

आपल्या भागात विजेच्या दोन तारांना ‘गरम’ आणि ‘ठंडी’ म्हणतात. लष्करच्या, दौलतगंजच्या मराठी घरांतही हेच शब्द रुळले आहेत, कारण वायरमनशी बोलायचे ते हिंदीतच. गरम म्हणजे फेज, ठंडी म्हणजे न्यूट्रल. शब्द सुटसुटीत आहेत, पण त्यांच्यात एक फसवणूक दडली आहे. ठंड्या वस्तूला हात लावायला कोणी भीत नाही. शाळेच्या पुस्तकांतले शब्दही ह्या बाबतीत फार मदत करत नाहीत. महाराष्ट्रातली मुले ‘तटस्थ तार’ शिकतात; आमच्याकडची मुले हिंदी पुस्तकात ‘उदासीन तार’ वाचतात. एकदा वर्गात एका मराठी मुलीने मला विचारले होते की ही तार उदास का असते. सगळे हसले, मीही हसलो. आता वाटते, त्या प्रश्नाला धरून मी जास्त बोलायला हवे होते. तटस्थ, उदासीन, ठंडी ह्या तिन्ही शब्दांतून एकच भास होतो की ही तार कुणाच्या अध्यात ना मध्यात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. गरम तारेतून जेवढा प्रवाह घरात येतो, तेवढाच ठंड्या तारेतून परत जातो. ती ‘ठंडी’ असते ती एवढ्यासाठीच, की दूर रोहित्रापाशी तिला जमिनीशी बांधलेले असते. ही बांधणी शाबूत आहे तोवर तिच्यात आणि जमिनीत फारसा व्होल्टेजचा फरक राहत नाही. पण खांबावरचा जोड सैल झाला, माकडांनी तार ओढली, मीटरपाशी स्क्रू गंजला, की घराकडची न्यूट्रल मागून तुटते. मग काय होते? गरम तारेतून आलेली वीज बल्बातून, पंख्यातून पार होऊन न्यूट्रलमध्ये उतरते आणि पुढे वाट नसल्यामुळे तिथेच तुंबते. घरात दिवा लागत नाही, सगळे म्हणतात लाइट गेली, आणि त्याच वेळी घरातली प्रत्येक ठंडी तार गरम झालेली असते. आता हिरवी तार काळीला पिळलेली असेल तर गिझरचे भांडे, पंपाचा सांगाडा, धातूची दिव्याची चौकट, सगळ्यांवर 230 व्होल्ट येऊन बसतात. बिघाड उपकरणात नसतो. उपकरण नवे कोरे असते. ज्या तारेने माणसाला वाचवायचे, तीच तार मृत्यू घेऊन येते.

म्हणून अर्थ आणि न्यूट्रल ‘एकच बात’ नव्हेत. न्यूट्रल ही रोज वाहणारी वाट आहे. अर्थ म्हणजे मराठी पुस्तकांतली भूसंपर्कन तार. ती कोरडी राहावी म्हणूनच टाकलेली असते, तिच्यातून एरवी काहीच वाहू नये. वायरमन मंडळी देवनागरीत बोर्डावर ‘अर्थ’ असे लिहून ठेवतात. भाषेच्या माणसाला तो शब्द वाचून मौज वाटते, आणि खरेच कित्येक घरांतली ती तार अर्थहीन असते. सॉकेटला तिसरे भोक असते, त्यामागे काहीच नसते.

आता मजुराच्या मुंग्यांकडे. आपण सहज म्हणतो, “नळाला हात लावला की जरा मुंग्या येतात”, “कूलर थोडा करंट देतो”. ‘जरा’ आणि ‘थोडा’ ही विशेषणे इथे घातक आहेत. किती वीज लागते माणसाला? घरातला एक साधा एलईडी बल्ब जेवढा प्रवाह घेतो, तेवढ्याने माणूस मरू शकतो. 1 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग, त्वचेला जाणवतो. हीच ती मुंगी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल नावाच्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या मध्याला स्वेच्छेने आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिले की किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार स्वतः सोडू शकतो. पुरुषांची सरासरी आली सुमारे 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आपले ऐकत नाहीत, मूठ आवळलेलीच राहते. ‘विजेने धरून ठेवले’ असे आपले लोक म्हणतात ते शब्दशः खरे आहे. फक्त धरणारे आपलेच स्नायू असतात. आणखी वाढून 50 ते 100 मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह छातीतून सेकंदभर गेला तर हृदयाचा ठोका विस्कटतो, ते नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलत नाही.

प्रवाह किती वाहणार हे शरीराच्या रोधावर ठरते. कोरड्या, राठ हाताचा रोध हजारो ओहम असतो. भिजलेल्या शरीराचा 1000 ओहमपर्यंत किंवा त्याखाली उतरतो. 230 ला 1000 ने भागा : 230 मिलिअँपिअर. पाण्याजवळची वीज निराळी का मानायची, ह्याचे उत्तर एवढ्या भागाकारात आहे. तलावात तर माणूस सगळ्या बाजूंनी भिजलेला, अंगावर कपडा नाही, पाय अनवाणी.

त्यातही पोहणाऱ्याचा धोका उभ्या माणसापेक्षा वेगळा. पाण्यात एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत व्होल्टेज उतरत गेलेले असते. माणसाच्या अंगातल्या रक्तात, घामात क्षार असतात, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा माणूसच विजेला सोपी वाट वाटतो. हात एका जागी, पाय दुसऱ्या जागी, मधला फरक शरीरातून वाहतो. हृदय थांबण्याइतका प्रवाह लागतच नाही. हातपाय जखडले की माणूस बुडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पोहता येत नव्हते. तो मजूर कमरेइतक्या पाण्यात, कठड्याजवळ उभा होता. शिडीला धरून आणखी दोन पावले दिव्याकडे गेला असता तर त्याला वर येऊन सांगता आले असते की नाही, मला सांगता येत नाही.

मग उपाय काय? लोक पहिल्यांदा एमसीबी दाखवतात. “मामा, चांगल्या कंपनीची एमसीबी बसवली आहे,” असे भाच्यानेही मला सांगितले. एमसीबी माणसाला वाचवायला नसतेच, ती तारेला वाचवते. 16 अँपिअरची एमसीबी 16 अँपिअरपर्यंत गप्प बसते. माणूस मरतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी प्रवाहात.

दुसऱ्यांदा लोक अर्थिंगचा खड्डा दाखवतात. खड्डा हवाच, पण ग्वाल्हेरची जमीन पाहिली पाहिजे. ज्या टेकडीवर आपला किल्ला उभा आहे ती वालुकाश्माची; शिवपुरीच्या बाजूलाही हातभर मातीखाली खडक आणि मुरूम लागतो. अडीच मीटरची नळी उभी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचे, ही जुनी रीत. खडक लागला की कारागीर नळी कापतो आणि वरून सिमेंटचे झाकण छान बसवतो. खाली काय आहे ते कोणी बघत नाही. उन्हाळ्यात ओल आटली की अशा खड्ड्याचा रोध 20 ओहम सहज निघतो. आता हिशेब करा. फेजची तार पंपाच्या सांगाड्याला टेकली. प्रवाह खड्ड्यातून जमिनीत जाणार, 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी ह्याला बिघाड समजणारच नाही. ती चालू राहील, पंपही चालू राहील, आणि पंपाच्या अंगावर जवळजवळ सगळे व्होल्टेज तसेच राहील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही हात लावणारा मरतो.

ही दरी भरून काढणारे साधन म्हणजे आरसीसीबी. बाजारात जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात; आजचे काम त्या जुन्या यंत्रापेक्षा वेगळ्या रीतीने होते, नाव मात्र चिकटले आहे. त्याचे काम हिशेबनिसाचे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका लोखंडी कड्यातून जातात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा असेल तर दोघांचे चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकते. कुठे तरी गळती झाली, म्हणजे काही प्रवाह ठंड्या तारेने न परतता जमिनीतून किंवा माणसातून गेला, की हिशेब जुळत नाही आणि स्विच पडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचे घ्यायचे. पुन्हा त्या 20 ओहमच्या खड्ड्याकडे या : 30 मिलिअँपिअर गळतीला सांगाड्यावर व्होल्टेज किती? शून्य दशांश सहा. खड्डा 100 ओहमचा असला तरी तीन. आमच्यासारख्या खडकाळ गावात अर्थिंगला आरसीसीबीची जोड नसेल तर ते अर्धेच काम आहे.

ह्या यंत्राचा जन्मच तरणतलावाशी जोडलेला आहे. डाल्झिएल यांनी 1961 मध्ये असे यंत्र घडवले, आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेने 1968 साली ते पहिल्यांदा सक्तीचे केले ते पाण्याखालच्या दिव्यांसाठी. स्वयंपाकघरे आणि न्हाणीघरे नंतर आली. म्हणजे तलावात हे यंत्र नसणे म्हणजे ज्या घरासाठी कुलूप बनवले त्याच घराला ते न लावणे. भाच्याच्या तलावाला ते नव्हते. खरे सांगायचे तर होते, पण वायरमनने काढून बाजूला ठेवले होते, कारण ‘बार-बार गिरता था’. ते पडत होते कारण दिव्याचा जोड गळत होता. निरोप आणणाऱ्यालाच घराबाहेर काढले.

आरसीसीबीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. कोरड्या लाकडी पाटावर उभे राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही बल्ब आहात. हिशेब जुळतो. ते पडणार नाही.

पाण्याखालच्या दिव्यांचा उपाय वेगळा आहे. तिथे 230 व्होल्ट जाताच कामा नयेत. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या घरगुती वायरिंगच्या मानकात, म्हणजे 60364 क्रमांकाच्या मालिकेत, तरणतलावासाठी 702 हा स्वतंत्र भाग आहे. त्यात तलावाभोवती तीन पट्टे आखले आहेत. तलावाचा आतला भाग हा शून्य पट्टा. काठापासून 2 मीटरपर्यंत आणि जमिनीपासून अडीच मीटर उंचीपर्यंत पहिला. त्यापुढे आणखी दीड मीटर दुसरा. पोहणारे पाण्यात असताना शून्य पट्ट्यात प्रत्यावर्ती विजेचे 12 व्होल्ट, सरळ विजेचे 30 व्होल्ट, ह्यापलीकडे काही नको, आणि ते 12 व्होल्ट करणारा रोहित्र तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर हवा. 12 व्होल्टला तोच भागाकार केला तर 1000 ओहमच्या शरीरातून 12 मिलिअँपिअर येतात. तेही शरीर नेमके दोन्ही टोकांच्या मध्ये सापडले तर.

इथे बाजारातली एक मखलाशी सांगायला हवी. ‘12 व्होल्ट’ असे लिहिलेल्या प्रत्येक डबीत खरा विलग रोहित्र नसतो. विलग म्हणजे ज्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना कुठेच टेकत नाहीत. वीज एकीतून दुसरीत फक्त चुंबकत्वाच्या वाटेने जाते. स्वस्त एलईडीच्या पुष्कळ डब्यांत तसे नसते. मीटर 12 दाखवतो, पण त्यांतली एक तार थेट घरच्या विजेला जोडलेली असते. अशी डबी पाण्यात सोडणे म्हणजे 230 व्होल्टच सोडणे. सुरक्षा-विलग रोहित्र असे स्पष्ट लिहिलेला, मानक क्रमांक छापलेला माल घ्यावा. आणि ह्या 12 व्होल्टच्या तारांना अर्थही जोडायचा नाही, हे वायरमनला दोनदा सांगावे लागते. त्या सुट्याच असायला हव्यात. बाहेरच्या कुठल्याही बिघाडाशी त्यांचे नाते नको.

समविभव बांधणी हा भाग मात्र आपल्याकडे जवळजवळ कोणी करत नाही. तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. हेच तत्त्व तलावाला लावायचे. शिडी, कठड्याचा नळ, पंपाचा सांगाडा, गाळणीचे धातूचे भाग, काँक्रीटमधल्या सळया, कपड्यांच्या खोलीची लोखंडी चौकट, ही सगळी तांब्याच्या जाड तारेने एकमेकांना बांधायची आणि मग अर्थला न्यायची. पुढे कुठूनही व्होल्टेज शिरले तर सगळे एकत्र वर जाईल; पोहणाऱ्याच्या हाताला आणि पायाला फरक मिळणार नाही. काँक्रीट ओतायच्या आधी हे सुचले तर दोन तासांचे काम. आमच्याकडे काँक्रीट ओतून, फरश्या बसवून झाल्या होत्या. दोन कोपरे फोडून सळया उघड्या कराव्या लागल्या. भाच्याच्या बायकोने निवडलेल्या निळ्या फरश्यांपैकी अकरा गेल्या आणि त्या छटेच्या पुन्हा मिळाल्या नाहीत. ते दोन कोपरे आता वेगळ्या रंगाचे आहेत.

पूर्वी घरातले नळ लोखंडी असत आणि जमिनीत दूरवर पुरलेले असत. नळालाच अर्थ जोडायची खोड तेव्हाची. आता सगळीकडे प्लास्टिकचे नळ आले. जुन्या घरांत अर्थ म्हणून नळाला बांधलेली तार अजून दिसते, पण मधला दोन हात तुकडा प्लास्टिकचा झाला की ती तार हवेत लोंबकळते असेच समजा. उलट, एका घरातला बिघाड त्या उरलेल्या लोखंडी नळाने दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीत पोचतो.

कपडे बदलायची खोली तलावापेक्षा साधी वाटते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ओल्या अंगाने, अनवाणी माणूस तिथे शिरतो आणि पहिल्यांदा दिव्याचे बटण दाबतो. बटण बाहेर, कोरड्या जागी असावे. सॉकेट लागतेच, कारण केस वाळवायचे यंत्र लागते. ते काठापासून साडेतीन मीटरपलीकडे, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे. दिवे आणि पंख्यावर ‘आयपी’ पुढे दोन आकडे छापलेले असतात, ते वाचायला शिकावे. पहिला आकडा धुळीचा आणि बोटाचा, दुसरा पाण्याचा. 44 म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल. खोली पाइपने धुणार असाल तर दुसरा आकडा 5 हवा. पाण्यात बुडवून ठेवायच्या दिव्याला 8. कपडे वाळत घालायला तार कधीच बांधू नये. उघड्या बल्बच्या वायरला घासून तिच्यात वीज उतरते, आणि ओला टॉवेल टाकणारा हात तिला चिकटतो. एकाला सोडवायला दुसरा धावतो, मग तिसरा. अशा बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. नायलॉनची दोरी स्वस्त मिळते. एक्स्टेन्शन बोर्ड तिथे नको. आणि तीन पायांच्या प्लगचा वरचा जाड, लांब पाय कापू नये, की आडव्या सॉकेटात काडी खुपसून उघड्या तारा अडकवू नयेत. तो पाय लांब ठेवला आहे तो अर्थ सगळ्यांच्या आधी जोडला जावा आणि शेवटी सुटावा म्हणून.

वाचकांपैकी फार थोड्यांच्या घरी तलाव असेल, ह्याची मला कल्पना आहे. पण कूलर आहे. लोखंडी पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खिडकीबाहेर ऊन खाऊन तडकलेली वायर, आणि दुपारी ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून पाणी भरणारी घरातली बाई. तलावाचे सगळे धोके त्यात हातभर जागेत आहेत. माझ्या स्वतःच्या घरी कित्येक उन्हाळे आई म्हणायची, “हा कूलर चावतो रे.” आम्ही त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले आणि काम झाले असे मानले. ठोकळ्यांनी झाले काय, तर कूलरमधली वीज जमिनीत जायची उरलीसुरली वाट बंद झाली. ती आता फक्त आईच्या हातातूनच जाऊ शकत होती. पदार्थविज्ञानाचा पदवीधर मुलगा घरात असताना. पाणी भरताना नुसते बटण बंद न करता प्लग काढणे, पंपाची वायर दर वर्षी बदलणे, तीन तारांचीच वायर घेणे आणि त्या सर्किटावर आरसीसीबी बसवणे, एवढ्याने ते चावणे संपते.

कोणी विजेने पाण्यात सापडलाच, तर उडी मारू नये. आधी मुख्य स्विच बंद करायचा. तो सापडत नसेल तर कोरड्या बांबूने किंवा प्लास्टिकच्या काठीने माणसाला काठाकडे ओढायचे. श्वास नसेल तर 108 ला फोन करायला दुसऱ्याला सांगून आपण छाती दाबायला लागायचे, मिनिटाला 100 ते 120 वेळा. शिकलेले असेल तर 30 दाबांनंतर दोन श्वास. विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा निरोगी असते, म्हणून चिकाटीला इथे अर्थ आहे. शाळांत हे प्रत्यक्ष करून शिकवायला अर्धा तास पुरतो.

शेवटी आमच्या तलावाचे काय झाले ते सांगतो. परवानाधारक वायरमन आणला. त्याने मेगरने 500 व्होल्टवर प्रत्येक तारेचा रोध तपासला. 1 मेगओहमच्या खाली जे आले ते काढून टाकले. दिवे 12 व्होल्टचे झाले, जोड खोबणीतून निघून काठाबाहेरच्या कोरड्या पेटीत आले. हिरवी तार काळीपासून सोडवली. खडकात एका नळीने भागेना, म्हणून थोड्या अंतरावर तीन नळ्या पुरून एकत्र जोडल्या. मग लाइट गेली की आरसीसीबी पडू लागला. पहिल्या वायरमनने लगेच सुचवले की ‘बाइपास’ करून टाकू. कारण साधे होते : इन्व्हर्टरची फेज आरसीसीबीच्या मागून निघत होती आणि न्यूट्रल मात्र त्याच्यामधून परतत होती, त्यामुळे हिशेब जुळत नव्हता. इन्व्हर्टरच्या दिव्यांची न्यूट्रल वेगळी केली आणि इन्व्हर्टरच्या पुढे त्यांच्यासाठी दुसरा आरसीसीबी बसवला, तेव्हा ते थांबले.

त्या पहिल्या वायरमनवर मी रागावलो नाही. त्याला ज्यांनी शिकवले त्यांनी हेच दोन शब्द शिकवले होते. आम्ही कोठडीच्या दारावर रंगाने लिहून घेतले, हिंदीत, कारण पुढचे काम करणारा हिंदीच वाचणार : ‘काला तार ठंडा नहीं है.’ मराठीत काय लिहावे ह्यावर भाच्याशी थोडा वाद झाला. त्याला ‘तटस्थ’ नको होते, मला ‘ठंडी’ नको होती. ‘परतीची तार’ असे लिहिले. शब्द पुस्तकी नाही, पण ती काय करते ते सांगतो.

मजुराला पुन्हा बोलावून काम पुरे करून घेतले. तो आधी एक पाय घालून बराच वेळ उभा राहिला. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून स्विच पडतो का ते पाहायचे. भाच्याची थोरली मुलगी दर एक तारखेला ते दाबते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करते. पावसाळ्यानंतर अर्थिंगचा रोध पुन्हा मोजायचा आहे, आणि खरी मोजणी पुढच्या ज्येष्ठात, जमीन तापून कोरडी झाल्यावर.